केसरीचा संपादक कायदे कौन्सिलात: टिळकांची १८९५ ते १८९७ ही वर्षं

प्रश्न असा होता की टिळक केसरीचे संपादक असताना मुंबईच्या कायदे कौन्सिलात मेंबर होते हे खरं आहे का, आणि असेल तर पेपर चालवणं आणि कायदेमंडळात बसणं एकाच माणसाला कसं जमलं. शेवटी असंही विचारलंय की आजच्या संपादकाने असं करावं का.

हो, खरं आहे. १८९५ मध्ये निवडून गेले, मुदत संपल्यावर १८९७ मध्ये पुन्हा निवडून आले आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होऊन ते पर्व संपलं. शाळेच्या पुस्तकात गणेशोत्सव, शिवजयंती, मंडाले एवढं येतं, कौन्सिलबद्दल एखादी ओळ असली तर असते. माझं सगळं आयुष्य वर्तमानपत्रात गेलं, त्यातली बरीच वर्षं अधिवेशन कव्हर करण्यात आणि नंतर अग्रलेखाच्या टेबलावर, त्यामुळे मला टिळकांचा हाच काळ सगळ्यात जास्त शिकवून जातो असं वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते कौन्सिल काय होतं ते बघा, कारण आपण आजची विधानसभा डोळ्यापुढे आणतो आणि तिथेच गडबड होते. १८९२ च्या कायद्याने प्रांतांच्या कौन्सिलात थोडे बाहेरचे लोक घेतले, पण तेही सामान्य मतदाराने निवडलेले नाहीत. म्युनिसिपालट्या, लोकल बोर्डं, युनिव्हर्सिटी अशा संस्थांनी नाव सुचवायचं आणि गव्हर्नरने त्याची नेमणूक करायची. बहुमत कायम सरकारी आणि सरकारने नेमलेल्या लोकांचं. बजेटवर भाषण करता यायचं पण मतदान नाही. प्रश्न विचारता यायचा पण आधी नोटीस द्यायची, उत्तर आलं की विषय संपला, त्यावर चर्चा नाही, पूरक प्रश्न नाही. म्हणजे ज्याला आपण सत्ता म्हणतो त्यातलं तिथे काहीही नव्हतं.

टिळक गेले ते मध्य विभागातल्या लोकल बोर्डांच्या जागेवरून. मध्य विभाग म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक, खानदेश. ही नावं लक्षात ठेवा, कारण पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला तो नेमका या जिल्ह्यांत पडला, आणि केसरीचा वाचकही मोठ्या प्रमाणावर याच भागातला. मतदारसंघ, दुष्काळी मुलूख आणि पेपरचा खप हे तिन्ही एकाच नकाशावर आले आणि पुढचं सगळं त्यातून घडलं असं माझं मत आहे.

तोपर्यंतचे टिळक थोडक्यात सांगतो. केसरी ४ जानेवारी १८८१ ला निघाला, मंगळवारी, आणि पुढेही मंगळवारचाच पेपर म्हणून ओळखला गेला. पहिले संपादक आगरकर, टिळकांकडे इंग्रजी मराठा. १८८२ मध्ये कोल्हापूर संस्थानच्या दिवाणाविरुद्ध लिहिल्याच्या प्रकरणात दोघांनाही अब्रुनुकसानीची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, तेव्हा पेपरमुळे आत जाण्याचा अनुभव त्यांना पंचविशीतच मिळाला होता. मग मतभेद झाले, १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली आणि त्यानंतर दोन्ही पेपर कर्जासकट अंगावर घेतले. पेपरवर घर चालत नव्हतं म्हणून वकिलीचा क्लास काढला, लातूरला जिनिंगच्या कारखान्यात भागीदारी केली. १८९५ साल तर असं की सार्वजनिक सभा, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी पुण्यातली संस्था, त्यांच्या गटाच्या हातात आली, रायगडावरच्या शिवाजी महाराजांच्या समाधीसाठी केसरीतून फंड सुरू झाला, वर्षाच्या शेवटी पुण्यात काँग्रेस भरली आणि तिच्या मांडवात समाजसुधारकांची सामाजिक परिषद घ्यायची की नाही यावरून गावभर भांडण झालं, आणि या सगळ्यात कौन्सिलही.

आता मुद्द्यावर येतो. अधिवेशन कव्हर करणाऱ्या कुठल्याही रिपोर्टरला विचारा, बातमी कशी बनते. रिपोर्टरला एखाद्या खात्यातली गडबड कळते पण कागद मिळत नाही, मग तो ओळखीच्या आमदाराला सांगतो, आमदार प्रश्न लावतो, खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर रिपोर्टर छापतो. सरकारने स्वतःच्या तोंडाने दिलेला आकडा असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कुणी खंडन करू शकत नाही. हा व्यवहार सगळीकडे चालतो आणि त्यात काही वाईट नाही. टिळकांच्या बाबतीत या व्यवहाराची दोन्ही टोकं एकाच हातात होती, म्हणजे प्रश्न विचारणारा तोच आणि उत्तर छापणाराही तोच. कौन्सिलात ते सरकारला हरवू शकत नव्हते, पण तिथलं बोलणं आणि तिथले कागद दर मंगळवारी मराठीत लोकांपुढे ठेवू शकत होते, आणि सरकारला त्रास झाला तो याचा. बाकीचे मेंबरही हुशार होते, इंग्रजीत उत्तम भाषणं करायचे, ती इंग्रजी पेपरात यायची आणि शहरातले चार लोक वाचायचे. गावात पारावर मोठ्याने वाचला जाणारा पेपर ज्याच्याकडे होता असा मेंबर एकच.

१८९६ चा पाऊस मध्येच ओढला आणि दख्खनमध्ये दुष्काळ पडला. आता दुष्काळात सरकारने काय करायचं याची नियमावली तेव्हा तयार होती, फॅमिन कोड म्हणायचे, १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर प्रांतोप्रांती केलेली. त्यात कामं कधी काढायची, मजुरी किती, काम करू न शकणाऱ्यांना काय द्यायचं हे सगळं लिहिलेलं. फक्त ते इंग्रजीत आणि कचेरीच्या कपाटात. टिळकांनी काय केलं तर ते मराठीत आणलं, केसरीतून सोप्या शब्दांत समजावून सांगितलं आणि सार्वजनिक सभेची माणसं ते घेऊन गावोगाव पाठवली. सांगायचं ते इतकंच की सरकारकडे मागताय ती भीक नाही, सरकारने स्वतःच लिहून दिलेला हक्क आहे, पीक बुडालं असेल तर सारा भरण्यासाठी गुरंढोरं विकू नका, अर्ज करा. धान्याचे बाजार लुटायला सुरुवात झाली तेव्हा केसरीने लोकांना थांबवलं आणि बाजार कशाला लुटता, कलेक्टरकडे जाऊन काम मागा असं बजावलं. सोलापूरला जाऊन विणकरांसाठी तिथल्या व्यापाऱ्यांबरोबर मदतीची योजना आखली, पुण्यात स्वस्त धान्याची दुकानं काढली.

यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हे लिखाण भडक नाही. संतापून लिहिणं सोपं असतं, तासाभरात अग्रलेख होतो, पण कायद्याचं कलम घेऊन ते सोलापूरच्या शेतकऱ्याला कळेल आणि कलेक्टरला खोडता येणार नाही असं लिहायला अभ्यास लागतो, आणि कायद्याचा अभ्यास असलेला, कौन्सिलात बसून सरकारची भाषा जवळून ऐकणारा संपादकच ते करू शकत होता. सरकारने याचं उत्तर कसं दिलं बघा. मार्च १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली, म्हणजे यापुढे सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला अर्ज करण्याचा हक्क या संस्थेला नाही. आपलेच नियम कुणी वाचून दाखवले म्हणून!

दुष्काळ चालू असतानाच प्लेग आला. मुंबईत सप्टेंबर १८९६ ला कळला, हिवाळ्यात पुण्यात पसरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यात प्लेग कमिटीवर रँड हा इंग्रज अधिकारी आला आणि गोऱ्या सोल्जरांकडून घरं तपासायला सुरुवात झाली. देवघरात बूट घालून शिरणं, बायकांची रस्त्यावर तपासणी, सामान जाळणं, या तक्रारींनी गाव पेटलं होतं. ज्यांना शक्य होतं ते गाव सोडून गेले, पुढारीही गेले. टिळक राहिले. हिंदू लोकांसाठी प्लेगचं हॉस्पिटल काढलं, विलगीकरणाच्या छावणीत लोकांच्या जेवणाची सोय लावली. आणि केसरीत दोन्ही बाजूंनी लिहिलं, म्हणजे साथीला आळा घालायलाच हवा, रोगी लपवू नका असं लोकांना सांगितलं आणि सोल्जरांच्या वागण्यावर सरकारला झोडपलं. पुण्यात बसून लिहिलं म्हणून त्याला वजन आलं, हे डेस्कवर बसणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आता जून आणि जुलै १८९७. इथे जरा थांबून वाचा, कारण संपादक आणि मेंबर या दोन्ही भूमिका इथे एकमेकींवर आदळतात. १२ आणि १३ जूनच्या सुमारास पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला, त्यात भाषणं झाली, अफझलखानाच्या वधाबद्दल चर्चा झाली. मंगळवार १५ जूनच्या केसरीत त्याचा वृत्तांत आला आणि त्याच अंकात शिवाजीचे उद्गार ही कविता आली, महाराज परत येऊन देशाची अवस्था बघून बोलताहेत अशी कल्पना. पुढचा मंगळवार २२ जून, राणीच्या राज्याचा हीरकमहोत्सव, आणि त्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. मग पुण्यावर जादा पोलीस, धरपकड, मुंबईच्या इंग्रजी पेपरांतून टिळकांकडे बोट.

अशा वेळी कौन्सिलचा मेंबर असलेला माणूस काय करेल? बहुतेक जण गप्प बसतील, गव्हर्नरला भेटून येतील, निष्ठेचं पत्रक काढतील. मंगळवार ६ जुलैला केसरीचा अग्रलेख होता सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, आणि १३ जुलैला राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे. खुनाचं समर्थन त्यात नाही, म्हणणं एवढंच की एका माणसाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या शहराला शिक्षा करू नका. हे लिहिताना आपण त्याच सरकारच्या कौन्सिलात बसतो, आपली नेमणूक गव्हर्नरच्या सहीने झालीय, याचं दडपण त्या मजकुरात कुठेही दिसत नाही. मी अनेक संपादक जवळून पाहिलेत, साध्या एका सरकारी कमिटीवर नाव आलं की हात आखडता घेणारे. म्हणून या दोन मथळ्यांचं मला अजूनही अप्रूप आहे.

२७ जुलैच्या रात्री मुंबईत टिळकांना अटक झाली. तोही मंगळवारच. दुसऱ्या दिवशी पुण्यातले सरदार नातू बंधू यांना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी उचललं. टिळकांना जामीन नाकारला गेला, मग ४ ऑगस्टला हायकोर्टात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी दिला. त्या वेळी टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर दावर, आणि हेच दावर ११ वर्षांनी न्यायाधीश म्हणून त्यांना सहा वर्षांची शिक्षा देणार होते. खटल्यासाठी बंगालमधून वर्गणी आली, कलकत्त्याहून बॅरिस्टर आले. खटला चालला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे. ज्युरीत नऊ माणसं, सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन भारतीयांनी निर्दोष. १४ सप्टेंबरला १८ महिने सक्तमजुरी. स्ट्रेची साहेबांनी राजद्रोहाच्या कलमाचा अर्थ इतका ताणून सांगितला की सरकारबद्दल प्रेम नसणंही त्यात बसावं, आणि १८९८ मध्ये सरकारने कायदाच त्या दिशेने रुंद करून घेतला. भारतात पुढे पन्नास वर्षं पेपरवाल्यांना ज्या १२४ अ ने छळलं त्याची सुरुवात इथून धरावी लागते.

बघा, खटला कशावर झाला तर १५ जूनच्या अंकावर, जुलैच्या अग्रलेखांवर नाही. सरकारकडे ओरिएंटल ट्रान्सलेटर नावाचं खातंच होतं, देशी पेपर दर आठवड्याला वाचून त्यातलं काय धोकादायक आहे त्याचा गोपनीय रिपोर्ट इंग्रजीत करायचं. केसरीची प्रत्येक ओळ तिथून जात होती, आणि टिळकांना ते माहीत होतं. शिवाय कौन्सिलचं मेंबर असणं काहीच कामाला आलं नाही. लोक मला विचारतात की तेव्हा विशेषाधिकार वगैरे नव्हते का. आजही बघा, आमदाराला संरक्षण आहे ते सभागृहात केलेल्या भाषणाला, घटनेच्या १९४ व्या कलमाने. कामकाजाचा खरा वृत्तांत छापणाऱ्या पेपरला ३६१ अ खाली संरक्षण आहे, तेही १९७८ च्या घटनादुरुस्तीने आलं. पण आमदाराने आपल्या पेपरात लिहिलेल्या अग्रलेखाला तो आमदार आहे म्हणून काडीचंही संरक्षण नाही. हा नियम योग्यच आहे, नाहीतर पेपर असलेला प्रत्येक पुढारी कुणाचीही अब्रू काढत सुटला असता.

माफी मागा म्हणजे सुटाल असं त्यांना खटल्याआधी जवळच्या लोकांनी सुचवलं होतं. अमृत बझार पत्रिकेच्या मोतीलाल घोषांना त्यांनी जे कळवलं त्याचा आशय असा की लोकांमधली माझी जागा माझ्या चारित्र्यावर उभी आहे, भिऊन वागलो तर महाराष्ट्रात राहणं आणि अंदमानात राहणं यात फरक उरणार नाही. इथे संपादक आणि लोकप्रतिनिधी एकच होतात असं मला वाटतं. दोघांचंही भांडवल विश्वास हेच, आणि तो गेला की मेंबरकीही पोकळ आणि अग्रलेखही पोकळ.

शिक्षेनंतर कौन्सिलची जागा गेली, पेपर मात्र चालू राहिला. न. चिं. केळकर १८९६ मध्ये येऊन दाखल झाले होते, त्यांनी टिळक आत असताना दोन्ही पेपर सांभाळले. मॅक्सम्युलरसारख्या विद्वानांच्या अर्जाचाही उपयोग होऊन टिळक ६ सप्टेंबर १८९८ ला मुदतीआधी सुटले, तब्येत पार ढासळली होती, आणि ४ जुलै १८९९ च्या केसरीत पुनश्च हरिः ॐ लिहून पुन्हा संपादक झाले. कायदेमंडळात मात्र ते परत कधीच गेले नाहीत. १९०८ ला पुन्हा दोन अग्रलेखांवर खटला, १२ मेचा देशाचे दुर्दैव आणि ९ जूनचा हे उपाय टिकाऊ नाहीत, मग मंडाले, हे सगळ्यांना माहीत आहे.

पण म्हणून त्यांनी कायदेमंडळं निरुपयोगी ठरवली असं समजू नका, ही चूक बरेच जण करतात. एप्रिल १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला तो नव्या कौन्सिलांच्या निवडणुका लढवण्यासाठीच. त्यांचं धोरण प्रतियोगी सहकारितेचं होतं, म्हणजे सरकार जेवढं देईल तेवढं पदरात पाडून घ्यायचं आणि उरलेल्यासाठी झगडत राहायचं. १ ऑगस्टला ते गेले आणि काँग्रेसने त्या निवडणुकांवर बहिष्कार टाकला. पुढे केळकर १९२३ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीत निवडून गेले, म्हणजे केसरीच्या घरात संपादक आणि लोकप्रतिनिधी ही परंपरा चालू राहिली. आणखी पुढे आचार्य अत्रे, नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठा हे मराठी दैनिक काढलं (टिळकांचा इंग्रजी मराठा वेगळा) आणि १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत आमदार झाले. अत्र्यांची धाटणी पूर्ण वेगळी, रोजचा पेपर, प्रौढ मतदानावर निवडणूक, सभागृहात प्रत्यक्ष मताला किंमत. त्यांच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

राहिला शेवटचा प्रश्न, आजच्या संपादकाने हे करावं का. माझं स्पष्ट मत, विरोधी बाकावर असेल तर करावं, सत्तेच्या बाकावर असेल तर पेपर सोडावा. टिळकांना कौन्सिलातून ना मंत्रिपद मिळणार होतं ना कंत्राट, तिथून न्यायचं होतं ते फक्त माहिती आणि ती वाचकाला द्यायची होती. आज सरकारी जाहिराती आहेत, भूखंड आहेत, महामंडळं आहेत. मेंबर म्हणून जे मिळतं ते वाचकापर्यंत जातंय की मालकापर्यंत, एवढं तपासा. आणि ते तपासायचं असेल तर त्या माणसाचं सभागृहातलं भाषण वाचू नका, त्याच्या स्वतःच्या पेपरात त्याच्या पक्षाविरुद्धची बातमी कुठल्या पानावर आणि किती कॉलम येते ते महिनाभर बघा.